चहाडखोर आणि त्याचे गाढव : गोरेहब्बाच्या ग्रहणाविषयी

एखादा ग्रामीण विधी दूरस्थ पाहणाऱ्याला 'कळतो' म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न आपल्याकडे आजवर प्रामुख्याने मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला. साहित्यसमीक्षा त्या प्रश्नाकडे वळली ती लोकसाहित्याच्या वाटेने, आणि तीही विधीशी निगडित गीते किंवा कथा लिखित स्वरूपात हाती लागल्यानंतर. विधी ही स्वतःच एक संहिता आहे, तिला रचना आहे, तिला अभिप्रेत असलेले ग्राहक आहेत आणि तिच्या रचनेत कधीच न धरलेले ग्राहकही तिला लाभू शकतात, ही जाणीव आपल्या समीक्षाव्यवहारात फारशी रुजलेली नाही. आज मात्र तिला टाळता येण्यासारखे नाही. ज्या उत्सवाचे ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या पंचक्रोशीपुरते होते, त्याचे चलच्चित्र एका रात्रीत लक्षावधी पडद्यांवर जाते आणि त्या उत्सवाचा अर्थ कोणी ठरवावयाचा याविषयीचा तंटा त्या गावाबाहेर, त्या गावाच्या भाषेबाहेर आणि बव्हंशी त्या गावाला वगळूनच चालतो. तमिळनाडूतील गुमटापुर या गावच्या गोरेहब्बाच्या बाबतीत हे घडले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा उत्सव आणि त्याचे ग्रहण या दोहोंमधला संबंध हा आहे. आरंभीच एक कबुली द्यावयास हवी : प्रस्तुत लेखक गुमटापुरास गेलेला नाही. वृत्तांत आणि चित्रफिती यांवरच त्याची भिस्त आहे. म्हणजे ज्या ग्राहकवर्गाची चिकित्सा करावयाची, त्यातलाच तो एक आहे. या कबुलीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

गुमटापुर हे ईरोड जिल्ह्यातील ताळवाडी भागातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. भाषावार प्रांतरचनेनंतरही तमिळनाडूत राहिलेल्या कन्नडभाषक मुलखातले. (त्यामुळे काही वृत्तांत त्याला कर्नाटकात नेऊन ठेवतात. सीमाभागाचे दुखणे ज्यांना ठाऊक आहे अशा मराठी वाचकाला या चुकीचा अर्थ निराळा सांगावा लागू नये.) दिवाळीत, बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, तेथे हा उत्सव होतो. गुरे असलेल्या घरांतून शेण गोळा केले जाते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून ते बीरेश्वर स्वामींच्या देवळापाशी आणले जाते, पुजारी त्याची पूजा करतो. मग मोकळ्या जागेत त्याचा ढीग घातला जातो आणि पुरुष व मुलगे त्यात उतरून शेणाचे गोळे वळून एकमेकांवर फेकू लागतात. एवढा भाग सर्वांना ठाऊक आहे, कारण चित्रफितीत मावतो तो एवढाच. पण या उत्सवात आणखी एक पात्र आहे. त्याला 'चाडिकोर' म्हणतात. गवताची खोटी दाढी आणि खोट्या मिशा लावलेल्या या माणसाला गाढवावर बसवून देवळाकडे मिरवत आणतात, त्याला मनसोक्त शिव्या घालतात, आणि शेवटी जवळच्या टेकडीवर चाडिकोराच्या पुतळ्याचे दहन होते.

उत्सवामागे सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी : गावप्रमुखाच्या घरी परगावाहून आलेला एक साधुवृत्तीचा माणूस चाकरीस होता. तो गेल्यावर त्याची झोळी आणि चीजवस्तू उकिरड्यात टाकून देण्यात आल्या. पुढे त्या जागेवरून बैलगाडी गेली तेव्हा चाकाखाली रक्त दिसले आणि तेथे लिंग असल्याचे कळले. स्वप्नात दृष्टान्त झाला, देऊळ बांधले गेले आणि शेणाचा हा खेळ सुरू झाला. जमिनीतले लिंग लोखंडाच्या घावाने रक्तबंबाळ होऊन प्रकट होते हा कथाघटक आपल्याला अपरिचित नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी स्वयंभू दैवतांच्या आख्यायिकांत नांगराचा फाळ किंवा कुदळ हेच काम करते. बीरेश्वर हे नावही सोन्थायमर यांच्या धनगर दैवतांवरील लेखनामुळे अभ्यासकांना परिचित झालेल्या बिरोबाची आठवण करून देणारे आहे. नामसाम्यावरून दैवतसाम्य सिद्ध होत नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे.

या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग लिंगाच्या प्रकटीकरणाचा नाही, त्याआधीच्या कृतीचा आहे. गावाने एका परक्याची आठवण उकिरड्यात फेकली. वस्तू टाकून देण्याची ही क्रिया कथेत अपराध म्हणून येते. उत्सवात तीच क्रिया, फेकण्याची, पुन्हा केली जाते, पण आता फेकले जाते ते गावकऱ्यांच्या स्वतःच्या अंगावर. परक्याच्या वाट्याला जे आले ते आता सर्वांनी आपल्या अंगावर घ्यावयाचे, मिळून घ्यावयाचे आणि हसत घ्यावयाचे. ही संगती गाव स्वतः शब्दांत मांडते की नाही हा प्रश्न अलाहिदा. संहितेच्या रचनेत ती आहे एवढेच म्हणावयाचे आहे. ती मान्य केली तर 'शेणफेक' हे उत्सवाचे वर्णन अपुरे ठरते. एका विसरलेल्या अवमानाची दरवर्षी केलेली परतफेड, असे त्याचे स्वरूप दिसू लागते.

आता शेणाकडे वळावयास हवे, कारण सारा वाद त्याच्याभोवती फिरतो आहे. मेरी डग्लस यांनी १९६६ साली मांडलेले 'अस्थानी असलेला पदार्थ म्हणजे घाण' हे सूत्र आपल्या विद्यापीठीय चर्चांत इतके वापरले गेले आहे, की त्याच्या मर्यादा तपासण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. शेणाच्या बाबतीत हे सूत्र पुरते लागू होते आणि नेमके त्यामुळेच अडखळते. गोठ्यातले शेण, अंगणातल्या सड्यातले शेण, जमिनीवरचे सारवण, पंचगव्यातले गोमय, चुलीतली गोवरी, शेतातले खत आणि दिवाळीत पश्चिम महाराष्ट्रातल्या उंबऱ्यांसमोर मांडले जाणारे शेणाचे पांडव या प्रत्येक ठिकाणी ते 'स्थानी' आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. पदार्थ एकच, स्थाने अनेक, आणि त्यांतले एकही घाणीचे नाही. मराठीने हा भेद शब्दांतच जपून ठेवला आहे. गायीम्हशीचे शेण, घोड्यागाढवाची लीद, शेळीमेंढीच्या लेंड्या आणि माणसाची विष्ठा. या चार शब्दांची अदलाबदल कोणीही मराठी माणूस करीत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात एका अमेरिकी यूट्यूबरने गुमटापुरच्या उत्सवाची चित्रफीत ज्या नावाने प्रसृत केली, त्या नावात शेणासाठी इंग्रजी बालबोलीतला, सर्व प्राण्यांच्या आणि मुख्यतः माणसाच्या मलाला सरसकट लागू होणारा शब्द होता. सारे भाषांतर त्या एका शब्दात उरकले गेले. शेणाची विष्ठा झाली, आणि पाहणाऱ्याने पुढे काय पाहावे हेही ठरून गेले. रोमन लिपीत लिहिलेल्या 'गोरे' या शब्दात इंग्रजी वाचकाला रक्तपाताचा शब्द दिसावा, हा योगायोगही अशा वेळी कामाला येतो.

भरताने बीभत्साचे भेद सांगताना विष्ठा आणि कृमी यांच्यापासून उद्भवणारा बीभत्स उद्वेगी म्हणून वेगळा काढला आहे. तेथे शब्द विष्ठा असा आहे, गोमय असा नव्हे. रसचर्चेच्या भाषेत बोलावयाचे तर गुमटापुरच्या मैदानात जे विभाव-अनुभाव आहेत ते हास्याचे आहेत : विकृत वेष, खोट्या दाढीमिशा, गाढव, अनुचित भाषा. हास्याच्या विभावांत विकृत वेषाला स्थान असल्याचे कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. तीच सामग्री पडद्यावर पोचते तेव्हा तिच्यातून वेष आणि भाषा गळून पडते आणि एकटे शेण उरते. उरलेल्या एकाच विभावातून जुगुप्सा निर्माण होते, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न पुढचा आहे. ही जुगुप्सा रसरूपाला पोचते का? भट्टनायकाच्या सिद्धान्तानुसार त्यासाठी साधारणीकरण व्हावे लागते. 'हे माझे', 'हे परक्याचे' हा भेद गळावा लागतो. येथे नेमके उलटे घडते. 'हे परक्यांचे आहे, माझे नव्हे' ही जाणीव चित्रफितीच्या आस्वादाची पूर्वअटच असते. ती गळली तर मौज संपते. म्हणून या दृश्यांतून मिळणाऱ्या अनुभवाला बीभत्स रस म्हणणे भरताला अन्यायकारक होईल. ती कच्ची जुगुप्सा आहे, आणि ती परत्वावर पोसली जाते.

श्क्लोव्हस्कीच्या अपरिचितीकरणाच्या संकल्पनेचाही येथे विचार करावा लागतो, कारण 'विचित्र उत्सव' या सदराखाली येणाऱ्या दृश्यांचे समर्थन कधी कधी कुतूहलाच्या नावाने केले जाते. १९१७ सालच्या त्याच्या निबंधात अपरिचितीकरणाचा हेतू संवेदना पुनरुज्जीवित करणे हा आहे. सवयीने बोथट झालेले परिचित जग पुन्हा दिसावे म्हणून ते परके करावयाचे. लोकप्रिय चित्रफितीत मात्र जे आधीच परके आहे ते आणखी परके करून दाखवले जाते, आणि त्यातून पाहणाऱ्याचे स्वतःचे परिचित जग अधिकच घट्ट होते. आपली न्हाणीघरे, आपले साबण, आपला शिष्टाचार यांच्याकडे पुन्हा एकदा नव्याने पाहावे असे त्याला मुळीच वाटत नाही. याऊस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते येथे विस्तारत नाही. चित्रफीत त्या क्षितिजाच्या आत आधीच तयार असलेल्या खणात जाऊन बसते. भारत आणि मल यांच्यातील साहचर्य पाश्चात्य प्रवासवर्णनांनी फार पूर्वीच घडवलेले आहे. नवी चित्रफीत त्या जुन्या वाक्यातले नवे उदाहरण एवढेच ठरते. आणि उदाहरणाला स्वतःचे असे काही म्हणावयाचे नसते. शेकडो घरांच्या एका गावाने केलेली कृती 'भारतीयांची' होते, अंश अंशीच्या जागी बसतो, आणि ही लक्षणा आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. तिला वाच्यार्थ समजून वाचले जाते.

परंतु उपहास करणाऱ्यांचे वाचन एकांगी आहे हे दाखवणे तुलनेने सोपे आहे. अधिक अवघड आणि आपल्या दृष्टीने अधिक निकडीचे काम बचाव करणाऱ्यांच्या वाचनाची तपासणी हे आहे. चित्रफितीवर वंशद्वेषी मजकुराचा जो पूर आला त्याला भारतीयांकडून दिली गेलेली उत्तरे ढोबळमानाने तीन दिशांची होती.

एक तर शेण औषधी असल्याचे. गुमटापुरात येणाऱ्यांपैकी कित्येकांची शेणाच्या गुणकारीपणावर श्रद्धा आहे, हे खरे. त्या श्रद्धेला विधीत स्थान आहे. परंतु तिला वैज्ञानिक दाव्याचे रूप देऊन उत्सवाचा बचाव करू लागले, की उत्सवाचे समर्थन प्रयोगशाळेच्या हवाली होते. उद्या तो दावा टिकला नाही तर उत्सव निरर्थक मानावयाचा काय? दुसरे उत्तर स्पेनमधल्या टोमॅटोफेकीचा दाखला देण्याचे. ते इतके सहज सुचणारे आहे की २०२० सालीच वृत्तसंस्थांच्या वृत्तांतांतून ही तुलना रूढ झाली होती. व्हॅलेन्सियाजवळच्या बुन्योल गावी ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी होणारा तो खेळ १९४५ साली एका मिरवणुकीत पोरांच्या झटापटीतून सुरू झाला. त्यामागे दैवत नाही, कथा नाही, आणि २०१३ पासून त्याला प्रवेशशुल्क आहे. तुलनेने गोरेहब्बाला पासपोर्ट मिळतो खरा, पण तो परदेशी शिक्क्याचा. बुन्योलच्या खेळाचा परिचय कोणी 'स्पेनमधले गोरेहब्ब' असा करून देत नाही, यात सारे आले. आंध्र प्रदेशातल्या कर्नूल जिल्ह्यातील कैरुप्पल गावी उगादीच्या दुसऱ्या दिवशी दोन तट एकमेकांवर गोवऱ्या फेकतात आणि त्यामागे वीरभद्र व काली यांच्या विवाहातल्या भांडणाची कथा सांगितली जाते. तुलना करावयाचीच तर ती तेथे करावी. वाळलेली गोवरी लागते, ओले शेण चिकटते. तेथे दोन पक्ष आहेत, येथे पक्षच नाहीत. अशा भेदांतून काही हाती लागण्याची शक्यता तरी आहे.

तिसरे उत्तर मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. 'हा एका आडगावातला प्रकार आहे, आम्हा भारतीयांना त्याच्याशी घेणेदेणे नाही' असे ते उत्तर. अंश अंशीच्या जागी बसवणाऱ्या लक्षणेला विरोध करण्यासाठी अंशच छाटून टाकण्याचा हा मार्ग आहे. तो नागर, इंग्रजी जाणणाऱ्या, बहुधा परदेशी जाण्याच्या तयारीत असलेल्या किंवा तेथे स्थिरावलेल्या वर्गाचा आहे. त्याच्या आवाजात अपमानाचे दुःख आहे, ते खोटे नाही. परदेशातल्या रस्त्यावर त्या शिव्या त्यालाच ऐकाव्या लागतात. पण त्या दुःखात तो जे करतो ते कथेतल्या गावाने साधूच्या झोळीचे जे केले तेच आहे. लाज आणणारी वस्तू उकिरड्यात. देशीपणाच्या आपल्या साहित्यिक चर्चांनी या वर्गाला गेली चाळीस वर्षे कोणता धडा दिला असा प्रश्न येथे पडतो. आपण देशीपणाचा गौरव केला तो प्रामुख्याने भाषेचा, कादंबरीच्या बांधणीचा. शेणात उतरलेल्या देहाचा विचार त्या चर्चेत कोठे होता?

रामानुजन यांनी १९८९ सालच्या निबंधात भारतीय विचारपद्धतीचा विशेष म्हणून संदर्भसापेक्षतेकडे लक्ष वेधले होते. नियम सार्वत्रिक नसतो. तो कोणासाठी, केव्हा, कोठे यांवर ठरतो. वरील तिन्ही उत्तरे संदर्भमुक्त आहेत हे लक्षात घेतले, तर बचाव करणारा आणि उपहास करणारा यांची पद्धत एकच असल्याचे दिसून येते. 'शेण म्हणजे घाण' आणि 'शेण म्हणजे पवित्र' ही दोन्ही विधाने शेणाला त्याच्या स्थानांतून उचलून घेतात.

शेण सदासर्वदा पवित्र असते असे मराठी वाचकाला तरी म्हणता येणार नाही. त्याच्या भाषेत लोक तोंडात शेण घालतात, माणूस शेण खातो. आणि त्याच्या इतिहासात पुण्याच्या रस्त्यावरून शाळेत शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले आहेत, ज्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. फेकणारे शेणाला पवित्र मानणाऱ्या समाजातलेच होते. सकाळी ज्या शेणाने अंगण शुद्ध होत होते, तेच शेण फेकण्याच्या कृतीत अवमानाचे हत्यार झाले. या घटनेचा गोरेहब्बाशी काही ऐतिहासिक संबंध नाही. पण तिच्या आठवणीने दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अर्थ पदार्थात नसून फेकण्याच्या संबंधात असतो : कोण, कोणावर, परत फेकण्याची मुभा आहे की नाही. सावित्रीबाईंना ती मुभा नव्हती. गुमटापुरच्या मैदानात ती प्रत्येकाला आहे, किंबहुना परत फेकणे हाच तेथला नियम आहे. दुसरी, पावित्र्याचा दाखला देऊन कोणत्याही विधीची चिकित्सा थांबवता येत नाही. शेणात उतरतात ते पुरुष. वर्षभर शेण काढणारे, गोवऱ्या थापणारे हात मात्र आपल्या खेड्यांतून बहुशः बायकांचे असतात. ज्यांच्या गोठ्यात गुरे नाहीत त्यांचे या संकलनात स्थान कोणते? खेळ संपल्यावर मैदान कोण झाडते? हे प्रश्न गावाला हिणवण्यासाठी विचारले जाऊ नयेत, पण गावाच्या प्रेमापोटी गिळूनही टाकू नयेत. जोतीरावांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा मानले. त्याच्या नावाच्या प्रतिपदेला लागून येणाऱ्या शेणाच्या या सणाविषयी त्यांनी असे प्रश्न विचारल्याशिवाय सोडले नसते.

बाख्तिनने कार्निव्हलचे लक्षण सांगताना प्रेक्षागृह आणि रंगमंच यांना विभागणारा दिव्यांचा उंबरठा तेथे नसतो यावर भर दिला आहे. कार्निव्हल लोक पाहत नाहीत, ते त्यात जगतात. त्याच्या या मांडणीवर टीका झालेली आहे. परवानगीने होणारे बंड सत्तेला सोयीचेच असते, हा आक्षेप ईगल्टन यांनीही नोंदवला आहे आणि गुमटापुरच्या बाबतीतही तो विचारात घ्यावा लागेल. परंतु उंबरठ्याचा मुद्दा आपल्याला उपयुक्त आहे. यूट्यूबर मैदानात उतरतो, शेण त्याच्या अंगावर पडते, म्हणून तो उंबरठा ओलांडतो असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. कार्निव्हलमध्ये उतरणाऱ्याला आपली पायरी खाली ठेवावी लागते. येथे अंगावर पडणारा प्रत्येक गोळा त्याच्या निवेदकत्वाला बळकटी देतो. कॅमेरा हाच उंबरठा असतो आणि तो त्याच्या हातातच असतो.

आता त्या पात्राकडे यावयास हवे, ज्याला चित्रफितीत जागा मिळत नाही. 'चाडिकोर' हा शब्द मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. कन्नडमधील 'चाडि', तेलुगूतील 'चाडी' आणि मराठीतील 'चहाडी' ही एकाच घरची लेकरे दिसतात. 'खोर' हा फारसी प्रत्यय दक्षिणेत 'कोर' झाला. चाडिकोर म्हणजे आपला चहाडखोर. उत्सवात शेणाच्या आधी हा माणूस येतो आणि शेणानंतर त्याचा पुतळा जळतो. म्हणजे रचनेच्या दृष्टीने शेणाचा खेळ दोन चहाडखोरांच्या मध्ये बांधलेला आहे. ज्या संहितेच्या दोन्ही टोकांना एकच पात्र आहे, तिचा अर्थ त्या पात्राला वगळून कसा लावता येईल?

चहाडी म्हणजे काय? ती खोटे बोलणे नव्हे. खोट्यासाठी मराठीत थाप, बंडल, लबाडी असे कितीतरी शब्द आहेत. चहाडी बहुधा खरी असते. एका ठिकाणी घडलेली खरी गोष्ट, ती जिच्यासाठी नव्हती अशा व्यक्तीपाशी, तिच्या मूळ संदर्भातून काढून, नेऊन पोचवणे आणि त्यातून एखाद्याचे नुकसान व्हावे अशी योजना करणे, म्हणजे चहाडी. चहाडखोरावर 'तू खोटे बोलतोस' हा आरोप टिकत नाही, म्हणूनच त्याचा इतका राग येतो. चित्रफितीवर बनावटपणाचा आरोप करणाऱ्यांची गोची हीच आहे. दृश्ये खरीच आहेत. ग्रहणाच्या सिद्धान्ताला जे मांडण्यासाठी बरीच परिभाषा लागली, की अर्थ हा वहनात बदलतो आणि हे वहन निष्पाप नसते, ते या गावाने एका पात्रात आणि एका गाढवात मांडून ठेवले आहे. आपण बाहेरून सिद्धान्त घेऊन गुमटापुरला लावावयास निघालो होतो. सिद्धान्त तेथेच होता.

मात्र या सिद्धान्ताची एक अट आहे. चहाडखोर गावातलाच असावा लागतो. त्याला गाढवावर बसवता येते, त्याचा चेहरा माहीत असतो, त्याला शिव्या ऐकू जातात. येथे सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात होणाऱ्या बोरीच्या बाराची आठवण होते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमून, वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. ओढा दोघींना वेगळे ठेवतो आणि तरी आवाज पलीकडे पोचेल इतकाच तो रुंद असतो. शिवी जिला दिली तिला ऐकू येते आणि तिला उलट देता येते. ओढ्याची ही रुंदी म्हणजे त्या विधीचे व्याकरणच आहे. आता तेथे बघ्यांचे आणि दूरध्वनी उंचावलेल्या हातांचे तिसरे तट उभे राहिले आहे. त्या तटाला कोणी शिवी देत नाही आणि तो कोणाची शिवी आपल्याला लागली असे मानीत नाही. तेथून बाहेर पडणाऱ्या चित्रफितीत एखाद्या बाईचा चेहरा असतो, तिच्या तोंडी शिवी असते आणि ओढा नसतो. ती बाई दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते, लेकीच्या सासरी जाते, तेव्हा ती चित्रफीत तिच्या आधी तेथे पोचलेली असते.

अशा विधींत मुभेइतकेच विसरण्याला महत्त्व असते. त्या दिवशी जे बोलले गेले, फेकले गेले, ते दुसऱ्या दिवशी काढावयाचे नाही, हा करार कोणी लिहून ठेवत नाही. पण तो नसता तर एकाच गावात राहणाऱ्या माणसांना हे खेळ खेळणे शक्यच झाले नसते. शिमग्याच्या बोंबा ठोकणाऱ्या प्रत्येक मराठी गावाला हा करार माहीत आहे. गुमटापुरात पुतळा जाळतात, तेही मला या कराराचेच अंग वाटते. वर्षभराच्या चहाड्या त्याच्याबरोबर जळावयाच्या, पुढच्या वर्षीच्या चहाडखोरासाठी जागा मोकळी व्हावयाची. चित्रफितीला हा करार मान्य नसतो. ती जळत नाही. शेणाने माखलेला पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा तिच्यात हसताना दिसतो. तो पुढे कोणत्या शहरात, कोणत्या मुलाखतीला, कोणत्या वसतिगृहाच्या खोलीत जाईल ते ठाऊक नाही, आणि त्याने कोणाला संमती दिली होती असा प्रश्न उपहास करणाऱ्यांनी विचारला नाही, बचाव करणाऱ्यांनीही विचारला नाही. दोन्ही पक्षांनी तीच दृश्ये पुन्हा पुन्हा प्रसृत केली. एकाने चिडवण्यासाठी, दुसऱ्याने उत्तर देण्यासाठी.

संदर्भ परत जोडून देणे हे समीक्षकाचे काम, असे येथवरच्या विवेचनावरून कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे आणि प्रस्तुत लेखाने तेच करण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यानेही गुमटापुरची गोष्ट उचलून, ती जिच्यासाठी नव्हती अशा भाषेत आणि अशा वाचकांपाशी आणून पोचवली आहे. हेतू नुकसानीचा नाही, असे प्रत्येक चहाडखोर म्हणतच असतो. गावाने विचारले तर गवताची दाढी लावून घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि गाढवाची सोय त्यांच्याकडे आहेच.